घरटी एक माणूस

प्रिय सोनबा,

तुझी आई बरी आहे. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिली भीती तीच आली असणार, म्हणून हे सगळ्यात आधी. गुडघे गेलेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण जीभ शाबूत आहे. त्या जिभेनं ती सतरा वर्षं तुझं नाव घेत नाही, हे तुलाही माहीत आहे. तुम्हा मायलेकरांच्या या अबोल्याबद्दलच मला लिहायचंय. पण मी जन्मभर माइकपुढं उभा राहिलेला माणूस. मुद्द्यावर यायला मला प्रस्तावना लागते. तेवढी सहन कर. शिव्या शेवटी एकदम दे, तोवर भरपूर साठतील. तुझा गुजरातेतला, साणंदचा पत्ता कसा मिळवला ते विचारू नकोस. तू फोन उचलणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून पत्र.

यंदा सव्वीस जानेवारीला रावेतच्या एका सोसायटीनं मला भाषणाला बोलावलं होतं. चार टॉवर, मधोमध पोहायचा तलाव, तलावाच्या कडेला क्लबहाउस. विषय त्यांनीच ठरवलेला: 'सक्तीची लष्करी सेवा, काळाची गरज'. झेंडावंदन झालं, इडली-चटणी झाली, आणि मग अध्यक्ष बोलायला उठले. दादासाहेब म्हणतात त्यांना, बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, आजच्या पोरांना शिस्त नाही, दोन वर्षं बंदूक खांद्यावर दिली की सुतासारखी सरळ होतील. टाळ्या. मी खुर्चीतूनच विचारलं, तुमचे चिरंजीव काय करतात? तर एक टोरांटोला, एक मेलबर्नला. मग सरळ कोणाची पोरं करायचीत? गृहस्थ गडबडले आणि म्हणाले, "नाही, मी आपलं जनरल बोलतोय." सोनबा, ही जनरल बोलणारी जात मला आता नुसती बघूनही ओळखता येते. यांच्या घरातला एकही मुलगा कधी सीमेवर जाणार नाही, आणि दुसऱ्यांची सगळी पोरं कधी पाठवायची याची तारीख मात्र यांच्याकडं तयार असते. खाली गेटवर सुरक्षारक्षकाच्या वर्दीत बुलढाण्याचा एक पोरगा बारा तास उभा होता. त्याच्याकडं बोट दाखवून मी म्हटलं, तुमचं रक्षण करायला एक जण आधीच उभा आहे, त्याला आधी बसायला खुर्ची द्या. कोणी हसलं नाही. उरलेली इडली मात्र सगळ्यांनी संपवली.

मग मी बोललो. तुला माझी खोड माहीत आहे. चिंचवड स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून किलोच्या भावात घेतलेल्या शब्दकोशांनी माझं घर भरलंय, आणि समोरचा माणूस फुगला की मी त्याचा शब्द उलटा करून झटकतो. म्हटलं, तुम्ही ज्याला सेवा म्हणताय त्याची नावं जगात काय आहेत ते आधी बघा. इंग्रजीतला कॉन्स्क्रिप्शन लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ एकत्र लिहिणं, म्हणजे एका यादीत नावं घालणं. रोममध्ये सिनेटच्या थोरामोठ्या सभासदांनाही हाच शब्द लावत, यादीतले वडीलधारे म्हणून. मानाचा शब्द होता. मग फ्रान्सच्या सरकारनं तोच उचलून विशीतल्या पोरांना लावला, आणि मानाची यादी मरणाची झाली. अमेरिकेतला ड्राफ्ट म्हणजे ओढणं; गाडी ओढतात तसं माणसाला ओढून काढणं. लेव्ही म्हणजे उचलणं. आपल्याकडं हा शब्द साखरेला लागायचा, कारखान्याकडून सरकार उचलायचं ती लेव्हीची साखर. तिकडं तो माणसांना लागला. आणि रिक्रूट? पुन्हा उगवलेलं. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून येतो तो आपला खोडवा. पहिलं पीक कापलं गेलं, आता हे खोडव्याचं पीक, तेही कापायचंच आहे. साहेब लोकांनी सैनिकाला खोडवा म्हटलं आणि कुणाला वाईटसुद्धा वाटलं नाही.

आपली मराठी त्या मानानं प्रामाणिक निघाली, हेही मी सांगितलं. आपल्याकडं शब्द आहे वेठ. संस्कृतातल्या विष्टीवरून आलेला, राजानं फुकट करून घ्यायचं काम. त्याला जोडून फारसीतली बिगार. पाटलाचा माणूस दारात आला की उठायचं आणि साहेबाचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं. त्याला कुणी सेवा म्हटलं नाही, कुणी राष्ट्र म्हटलं नाही. वेठीला धरलं म्हणाले, आणि विषय संपला. सक्ती हा शब्दही फारसी आहे, सख्त म्हणजे कठीण, टणक. त्याचा शक्तीशी संबंध नाही. पण समोर बसलेल्यांना तो संबंध हवा असतो. म्हणून ते सक्तीला राष्ट्रशक्ती म्हणतात, वेठीला सेवा म्हणतात आणि मग स्वतःच्याच शब्दांना सलाम ठोकतात. भ्याडपणा लपवायला माणसानं काढलेली सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे नवा शब्द, असं मी म्हटलं. आणि शेवटी, माझ्या नेहमीच्या सवयीनं, मी भैरूचं नाव घेतलं.

हो, तुझ्या भैरूचं. हे तुला कुणी सांगितलंय की नाही मला माहीत नाही. गेली सतरा वर्षं माझं एकही भाषण तुझ्या भावाशिवाय संपलेलं नाही. आमच्या गावात भैरू नावाचा एक तेवीस वर्षांचा पोरगा होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं, अंगात ताप घेऊन तो स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मर्जीनं लढ्यात आला, आणि कंपनीच्या गेटवर त्याचा जीव गेला. सक्ती आणि सेवा यांतला फरक बघायचा असेल तर त्या पोराकडं बघा. इथं मी दोन क्षण थांबतो. किती थांबायचं हेही मला पाठ झालंय. मग टाळ्या येतात. रावेतलाही आल्या. दादासाहेबांनी डोळे पुसले.

खाली उतरलो तर सोसायटीचा सेक्रेटरी, ज्ञानेश म्हणून एक चाळिशीचा गृहस्थ, फोन पुढं करत आला. "सर, एकदम भारी. आमच्याकडं पण लोकांना कमिटमेंटच नाही हो. म्हणून यंदा सिस्टिम लावली. झेंडावंदनाला फ्लॅटमागं एक मेंबर कम्पल्सरी. जे आले नाहीत त्यांची नावं अकरा वाजता ग्रुपवर. बघा, तीनशे बारा फ्लॅट, गैरहजर फक्त एकोणीस." मी म्हटलं, म्हणजे तुम्ही भाषण ऐकलंत कुठल्या कानानं? तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. "हा बघा सातशे चारवाला. म्हणतोय कालच कळवलं होतं, आईला ॲडमिट केलंय. मी म्हटलं, भाऊ, कळवलं असेल, पण नाव लागणार. एकाला सोडलं की सगळे सुटतात."

माझ्या तोंडात त्याच्यासाठी चांगला शेलका शब्द तयार होता, सोनबा. तो बाहेर आला नाही. कारण हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं, आणि म्हणणारा मीच होतो. मी त्याच्या फोनवरची ती एकोणीस नावं वाचत उभा राहिलो. त्यानं मला रिक्षापर्यंत सोडलं, पुष्पगुच्छ दिला, पुढच्या वर्षीही या म्हणाला. त्या माणसाचा तिरस्कार करायला मला फार आवडलं असतं. पण माझ्या हातात त्याच्यापेक्षा मोठा स्पीकर होता.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितो, कारण ते लिहिणं भाग आहे. गावाची रीत जुनी. यात्रेआधी ओढा साफ करायचा तर घरटी एक माणूस, देवळाला पत्रे चढवायचे तर घरटी एक माणूस, आणि जे घर येणार नाही त्याचं नाव सकाळी भैरोबाच्या देवळावरच्या स्पीकरवरून वाचायचं. दंड नाही, मार नाही. फक्त नाव. त्या नावाची दहशत दंडापेक्षा मोठी होती. सासरी गेलेल्या पोरींना माहेरचं नाव वाचल्याचं कळायचं आणि त्या फोन करून रडायच्या. दोन हजार आठ साली एका कंपनीनं रस्त्यापलीकडच्या जमिनी घेतल्या. घरटी एक नोकरी देतो म्हणाले आणि मग तोंड फिरवलं. तेव्हा मोर्चा काढायचं ठरलं, आणि नियम कोणी सुचवला? मी. घरटी एक नोकरी हवी तर घरटी एक माणूस आला पाहिजे. किती छान बसलं होतं ते वाक्य. यादी मी लिहिली. तुझ्या घरापुढं तुझं नाव मी घातलं, कारण तुझा बाप गेल्यावर घरातला कर्ता तू होतास.

आदल्या दिवशी संध्याकाळी तू मला पिठाच्या गिरणीपाशी गाठलंस. गिरणी चालू होती, म्हणून तुला दोनदा ओरडून सांगावं लागलं. तुझ्या खांद्यावर बाजरीची पिशवी होती आणि उजव्या भुवईला पीठ लागलं होतं. तू म्हणालास, "ज्योती, उद्या मला फर्स्ट शिफ्ट हाय. दोघं सुट्टीवर हायत, लाइन बंद पडंल, सुपरवायझर सोडत न्हाई. अन् भैरू तापानं फणफणलाय, त्येला उठवू नगंस. आमचं घर एवढ्या खेपंला सोड." मी तुझ्या पाठीवर हात टाकला आणि म्हटलं, जा रे, मी बघतो. तू निर्धास्त मनानं गेलास. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या बसनं भोसरीला, तुझ्या कारखान्यात.

सकाळी देवळात यादी तपासताना माझ्यासोबत असलेल्यांना मी म्हटलं, सोनबानं कळवलंय. आणि मग मीच म्हटलं, पण वाचा, एकाला सोडलं की सगळे सुटतात. शिवाय तो माझा मित्र, लोक म्हणतील ज्योतीरामनं आपल्या माणसाला वगळलं. असा माझा न्याय. मित्राला वगळलं नाही हे दाखवायला मी मित्राचं नाव वाचलं, आणि माइक दुसऱ्याच्या हातात दिला नाही, स्वतः वाचलं. दोनदा. भैरूनं ते अंथरुणात ऐकलं. तुझ्या आईनं चुलीपुढं ऐकलं. तो उठला, तुझा खाकी शर्ट घातला, कानाला मफलर गुंडाळला आणि पळत गेटवर आला. तिथं कंटेनरचा एक ट्रक रिव्हर्स घेत मागं येत होता, लोक बाजूला पांगले, आणि तापानं अर्धा बधिर झालेला तो पोरगा चाकाच्या बाजूला पांगला. मी बघितलं नाही. मी टेंपोवर उभा राहून माइकवर सांगत होतो की आपण सगळे इथं स्वखुशीनं आलो आहोत.

दहाव्याला नदीवरून परतल्यावर तुमच्या अंगणात चाळीसएक माणसं होती. तुझ्या आईनं सगळ्यांसमोर मला हाक मारली. "ज्योत्या, ह्यो म्हणतोय त्यानं तुला आदल्या दिशी सांगितलं व्हतं. सांगितलं व्हतं का?" तू खांबाला टेकून उभा होतास. तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर साधी खात्री होती, की आता हा हो म्हणेल आणि आईच्या मनातलं निघून जाईल. मी हो म्हटलं असतं तर त्या चाळीस जणांनी दुसरा प्रश्न मला विचारला असता, मग नाव का वाचलंस? मी म्हणालो, "काकी, त्या गडबडीत मला आठवत नाही." आणि तुझी आई म्हणाली, "म्हंजे न्हाई सांगितलं." बस्स. तिनं ठरवून टाकलं की थोरल्यानं शिफ्टचं निमित्त करून अंग काढून घेतलं, गावालाही कळवलं नाही, आणि घराची अब्रू राखायला धाकटा मेला. तू चपला घालून बाहेर गेलास. दोन महिन्यांनी साणंदला बदली मागून घेतलीस.

मला आठवत नव्हतं, असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं वरची गिरणी पुन्हा वाचावी. बाजरीची होती पिशवी. पीठ उजव्या भुवईला होतं. मला सगळं आठवत होतं, तेव्हाही आणि नंतरच्या प्रत्येक भाषणातही. पण खोटं टिकवायला नुसतं गप्प राहून भागत नाही, त्याला रोज खायला घालावं लागतं. म्हणून मी भैरूला स्वखुशीचा केला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं हे मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी तुझ्या आईलाही त्याचा आधार वाटू लागला. एकदा मोशीच्या बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "माझा धाकला मनानं गेला, एवढंच बरं." मी मान हलवली, सोनबा. तिच्या हातातली पिशवी घेऊन तिला बसमध्ये बसवून दिलं आणि मान हलवली. जगभरच्या राजांनी आणि सरकारांनी माणसं ओढून नेण्यासाठी काढलेले शब्द मी आयुष्यभर गोळा केले, त्यांच्यावर थुंकलो. पण ओढून नेलेल्या माणसाला मेल्यावर स्वयंसेवक म्हणायची कल्पना त्यांच्यातल्याही फार थोड्यांना सुचली असेल.

आता हे पत्र का लिहिलं ते. रावेतहून आल्यावर चार दिवस मी घरातून बाहेर पडलो नाही. आज सकाळी तुमच्या घरी आलो. अंगणात आता सहा खोल्या काढल्यात, कंपनीतली पोरंपोरी भाड्यानं राहतात. तुझी आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. गिरणी, यादी, मी दोनदा वाचलेलं नाव, दहाव्याचं माझं उत्तर. तिनं सूप खाली ठेवलं नाही. माझं सांगून झाल्यावर मी माफीचं बोलायला लागलो तर म्हणाली, "माझ्यापुढं भाषण करू नगंस. माझ्या पोराला लिही. हितं बसून लिही. आठवतंय म्हणून लिही." म्हणून मी इथं ओसरीवर बसून लिहितोय आणि ती समोर बसलीय. पुढच्या खोलीत राहणारी अंजली, लातूरची मुलगी आहे, दुपारच्या शिफ्टला जाण्याआधी तिला प्रत्येक पान वाचून दाखवतेय. रावेतचं पान ऐकून तुझी आई म्हणाली, "ह्ये येवढं लांबड कशाला लावलंय?" गिरणीचं पान तिनं दोनदा वाचायला लावलं. आत्ता म्हणाली, "लिही त्येला. मी पोटच्या पोराला सोडून माइकवाल्याला विचारलं. ती चूक ह्या ज्योत्याची न्हाई, माझी हाय." मी विचारलं, काकी, ये म्हणून लिहू का? ती एवढ्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "बोलवू नगं. सोन्याला यावंसं वाटलं तर त्येच्या मनानं येऊ दे." मी तिला वचन दिलंय, म्हणून मी तुला ये म्हणत नाही.

तुझाच, हे लिहायचा हक्क उरला नसेल तर खोडून टाक,
ज्योतीराम